घोलपचा गुडघा

एकदा एक चष्मेवाला, जन्मालाच न आलेल्या एका माणसाच्या गुडघ्याची काळजी करता करता जेवायचा थांबला. ऐकताना हसू येतं. पण त्याच्या जिवाची झालेली उलघाल खरी होती, आणि त्यातून त्याला जे उमगलं तेही खरं होतं. म्हणून ही गोष्ट घाई न करता ऐकावी.

चष्मेवाल्याचं नाव श्रीरंग. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं लहानसं दुकान होतं. शाळेत असताना तो बास्केटबॉल खेळायचा, आणि फार सुरेख खेळायचा. पुढे जिल्ह्याच्या संघात गेला. तिथे एका सामन्यात गुडघा दुखायला लागला, पण सामना अटीतटीचा. बाहेर ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, त्यानेही कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी उडी मारून खाली आला तो वाकड्या पायावर. त्या दिवसापासून खेळ सुटला. खेळ शिकवणारे सर मात्र सुटले नाहीत.

हे सर म्हणजे गावच्या शाळेतले जुने क्रीडाशिक्षक. त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरज पडत नसे. नुसतं 'सर' म्हटलं की गावाला कळायचं. निवृत्त झाले, पाय थकले, मैदानावर जाणं होईना, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून एक लुटुपुटूची लीग काढली. म्हणजे असं, की संगणकावर एक खेळ मांडायचा. प्रत्येकाचा एकेक संघ. खेळाडू सगळे यंत्राने रचलेले, हाडामांसाचा एकही नाही. कोण किती उंच, कुणाची उडी किती, नेम कसा, हे आकडे यंत्रच देई. मालकाने फक्त ठरवायचं की कुणाला खेळवायचं, कुणाला बाकावर बसवायचं. मग यंत्र सामना लावी आणि पडद्यावर ठिपके पळू लागत. ते खेळाडू थकत, दुखावत, म्हातारेसुद्धा होत. खेळवले तर सुधारत, बसवून ठेवले तर गंजत. कुणी मालक परगावी गेला, तर त्याच्यापुरता त्याचा संघ यंत्रच चालवी.

दर रविवारी सकाळी रेवणशेटांच्या कापडदुकानाच्या माडीवर ही मंडळी जमत. रेवणशेट पेठेतले मोठे व्यापारी, तोंडाने फटकळ, चहाला मोकळे. त्यांच्या संघाचं नाव 'रेशीम'. सरांच्या संघाचं नाव 'टिटवी'. टिटवी अपशकुनी म्हणून ते नाव कुणी घेईना, तेव्हा सरांनी मुद्दाम घेतलं. म्हणाले, "बिचारी जमिनीवर अंडी घालते आणि ओरडून ओरडून राखते. अपशकुनी कसली?"

दर हंगामाच्या सुरुवातीला यंत्र काही नवखे खेळाडू जन्माला घाली. त्या रविवारी माडीवर बारसं होई. खरोखरचं बारसं! घुगऱ्या वाटायच्या आणि पाळीपाळीने एकेकाने एकेका नवख्याचं नाव ठेवायचं. पुढच्या रविवारी निवड. ज्याचा संघ तळाला, त्याला निवडीचा पहिला मान. आणि आणखी एक नियम होता, तो कडक होता. ओळीने तीन हंगाम जो संघ तळाला राहील, तो मालकाकडून काढून वाट बघत असलेल्या माणसाला द्यायचा.

सरांचे हात थरथरू लागले तेव्हाची गोष्ट. एकदा नको तिथे बोट पडून त्यांनी आपला चांगला खेळाडू सोडूनच दिला. माडी हसली, सरही हसले. आणि हसता हसता त्यांनी लॅपटॉप श्रीरंगकडे सरकवला. "टिटवी आता तू सांभाळ," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून टिटवी दोन हंगाम तळाला होती.

आता आणखी एक हंगाम तळाला गेला की सरांचा संघ जाणार. वाट बघणारा माणूसही समोरच होता. रेवणशेटांचे जावई. स्वभावाने गोड, बोलायला मऊ. दर रविवारी दाराजवळच्या सतरंजीवर बसून घुगऱ्या खायचे आणि श्रीरंगकडे बघून आदबीने हसायचे. त्या हसण्यात श्रीरंगला काहीतरी डाव दिसायचा.

त्या वर्षी बारशाला दोन नवखे उठून दिसले. एक ताडमाड उंच. त्याचं नाव ठेवायची पाळी रेवणशेटांची होती. त्यांनी आपल्या दुकानातल्या एका जुन्या, गेलेल्या हमालाच्या नावावरून त्याला घोलप म्हटलं. "अख्खा तागा एका हाताने उचलायचा माझा घोलप," ते म्हणाले. दुसरा होता वाघमोडे. बुटका, पण चेंडू द्यावा तर त्यानेच. पहिला मान टिटवीचा. दोघांपैकी एकच मिळणार.

"घ्या चष्मेवाले, नीट नंबर तपासून घ्या," रेवणशेट म्हणाले. "शेवटची संधी आहे. नाहीतर आमचे जावईबापू बसलेच आहेत."

जावई आदबीने हसले.

निवडीला आठवडा होता. खेळाची एक प्रत श्रीरंगच्या लॅपटॉपवर होतीच. आणि त्या यंत्रात एक कळ होती, पुढे पळवायची. ती दाबली की हंगामामागून हंगाम झरझर पुढे सरकत आणि दहा वर्षांनंतरचं जग क्षणात समोर येई. श्रीरंगच्या मनात आलं, आपल्या प्रतीत आधी घोलपला घेऊन बघावं, पुढे त्याचं काय होतं ते. मग वाघमोडेला घेऊन बघावं. जो चांगला निघेल तो खरा घ्यावा. यात चोरी नाही, लबाडी नाही. कुणालाही सुचेल अशी गोष्ट.

दुपारी पेठ सुस्तावली होती. त्याने काउंटरखाली लॅपटॉप उघडला, घोलपला घेतलं आणि कळ दाबली. घोलप लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू झाला. टिटवी तीनदा जिंकली. श्रीरंगचा ऊर भरून आला.

तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण खात्री करावी म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून पळवलं. या खेपेला दुसऱ्याच हंगामात घोलपचा गुडघा मोडला आणि तो कायमचा बाहेर बसला. टिटवी तळाला.

श्रीरंगने घोलपला बाजूला ठेवलं. त्याने वाघमोडेला घेऊन पळवलं. वाघमोडे चमकला. पुन्हा पळवलं, वाघमोडे कुणाला ठाऊकही न होता निवृत्त झाला. पुन्हा घोलप. पुन्हा गुडघा. आणखी एकदा घोलप. या खेपेला गुडघा शाबूत, पण टिटवीचं नशीब फुटकं.

पळवावं तेवढी भविष्यं निघत, आणि एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळू नये अशी. प्रत्येक खेपेला त्याला वाटे, आता एकदाच, म्हणजे कळेल. आणि प्रत्येक खेपेला, आधी कळलं होतं तेही जाई.

दुकानात एक म्हातारी चष्म्याचा नंबर काढायला आली. श्रीरंगने भिंग बदलून विचारलं, "हे स्पष्ट की हे?"

"दुसरं," म्हातारी म्हणाली.

"नक्की? परत बघा. हे, की हे?"

"दुसरंच की."

"पहिलं नीट बघा ना आजी. घाई करू नका. पुढे पस्तावाल."

म्हातारीने डोळ्यांवरची फ्रेम उतरवून त्याच्या हातात ठेवली. "लेकरा, मला दिसतंय. तुझंच काहीतरी बिनसलंय," असं म्हणून ती बाकावर टेकली. "तू पाणी पिऊन ये. मी बसते."

घरी त्याची बायको मृणाल ताट वाढून बसली होती. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला.

"काय झालं?"

"घोलपचा गुडघा परत गेला."

"कोण घोलप?"

त्याने सांगितलं. मृणालने सगळं ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे जो जन्मला नाही, त्याचा गुडघा अजून मोडला नाही, आणि तुम्ही जेवत नाही? माझी कंबर खरोखरची आहे हो. ती दुखते तेव्हा तुमची भूक कुठे जात नाही!"

त्यालाही हसू आलं, पण घास काही उतरला नाही. तिला काय सांगणार? घोलप जाईल त्याचं दुःख नव्हतं. सरांनी विश्वासाने हातात दिलेली एक गोष्ट आपल्या हातून निसटणार, आणि ती निसटताना सर काही बोलणार नाहीत, हा विचार त्याला सोडत नव्हता. सर रागावले असते तर सोपं होतं.

शेवटी निवडीच्या आदल्या दिवशी, दुकान अर्धं उघडं टाकून, लॅपटॉपची पिशवी काखेत मारून तो सरांकडे गेला.

सर ओट्यावर ओल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हात थरथरत होते, त्यामुळे एका शेंगेला वेळ लागत होता, पण त्यांना घाई नव्हती.

"सर, घोलप की वाघमोडे?" श्रीरंगने चपला काढायच्या आधीच विचारलं.

"बस. आधी पाणी पी."

पाणी पिऊन त्याने सगळं सांगितलं. किती वेळा पळवलं, काय काय निघालं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "सर, गावात सगळे म्हणतात, नवखा ओळखावा तर सरांनी. तुम्ही हिरवेला ओळखलंत. कुणालाही तो नको होता. तुम्ही घेतलात आणि त्याने टिटवीला किती वर्षं वर ठेवलं! मला तशी नजर नाही. तुम्ही नुसतं नाव सांगा. मी तेच घेतो."

हिरवे हा सरांचा जुना, नावाजलेला खेळाडू. कधीच निवृत्त झालेला. म्हणजे यंत्रातल्या यंत्रात. पण माडीवर अजून त्याच्या गोष्टी निघत.

सरांनी शेंग खाली ठेवली. "हिरवे नवखा होता त्या सालची प्रत कुठे असेल रे?"

"तुम्ही दिलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या जुन्या आहेत."

"लाव बरं. हिरवेला घे, आणि पळव पुढे."

श्रीरंगला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जुने दिवस बघावेसे वाटले असतील. उद्या निवड, आपला जीव टांगणीला, आणि यांना हिरवे आठवतोय. पण सरांना नाही म्हणायची सवय त्याला नव्हती. त्याने जुनी प्रत उघडली. तिथे हिरवे पुन्हा कोवळा, नवखा होऊन उभा होता. श्रीरंगने त्याला टिटवीत घेतला आणि कळ दाबली.

वर्षं सरली. हिरवेचं नाव कुठे दिसेना. शोधल्यावर सापडलं, पहिल्या हंगामानंतर बाकावर, मग दुसऱ्या संघाच्या बाकावर, मग कुठेच नाही.

"चुकलं असेल काहीतरी," श्रीरंग म्हणाला.

"परत पळव."

परत पळवलं. परत बाक. सर शांतपणे शेंगा फोडू लागले. "आणखी एकदा."

या खेपेला हिरवे मोठा झाला खरा, पण टिटवीत नाही. टिटवीने त्याला सोडून दिला होता आणि तो रेवणशेटांच्या रेशीम संघात जाऊन चमकला. ज्या एका गोष्टीवर श्रीरंगचा भरवसा होता, तीच पायाखालून सरकली. हिरवे, सरांचा हिरवे, तोसुद्धा नक्की नव्हता? मग नक्की काय होतं?

"सर," तो जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "म्हणजे तो चांगला नव्हताच? नुसतं नशीब होतं?"

"श्रीरंग, एक सांग. आता तू हे पळवलंस, तेव्हा टिटवी कोण चालवत होतं?"

"कोण म्हणजे? पुढे पळवताना सगळे संघ यंत्रच चालवतं."

"आणि तेव्हा, खऱ्या हिरवेच्या वेळी, कोण चालवत होतं?"

"तुम्ही."

सरांनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"पहिल्या हंगामात हिरवेचा चेंडू रिंगला लागत नव्हता. रेवणशेट म्हणाले होते, 'सर, या पोराला आधी चष्मा लावा.' यंत्राला विचारलं असतं तर ते म्हणालं असतं, काढा याला. आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत ते तेच म्हणालं. आज ज्याचा आकडा कमी, त्याला ते बसवतं. त्याला दुसरं काही येत नाही. मी हिरवेला बसवला नाही. माझी नजर मोठी म्हणून नव्हे. त्याचं बारसं माझ्या हातून झालं होतं, मला तो सोडवेना, एवढंच. सोडवेना म्हणून खेळवला. त्याच्या कलाने बाकीचे चार जण लावले. खेळत गेला, सुधारत गेला. लोक म्हणतात, सरांनी ओळखला. मी ओळखलं-बिळखलं काही नाही रे. त्याच्यापाशी राहिलो. नशीबही होतं. ते असतंच, त्याचं काही करता येत नाही. पण तू एवढी भविष्यं पळवलीस, एवढा घाबरलास, तर त्यातल्या एका तरी भविष्यात तू होतास का?"

श्रीरंगने दाणे तोंडात टाकले. मग त्याने लॅपटॉपवर आपली प्रत उघडली. या खेपेला त्याने पुढे काहीच पळवलं नाही. यंत्राने ठेवलेल्या मागच्या खेपांच्या नोंदी काढल्या. जिथे जिथे घोलपचा गुडघा मोडला होता, तिथे त्याआधी काय झालं होतं, ते बघू लागला. आणि त्याला दिसलं. यंत्र घोलपला प्रत्येक सामन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळवत होतं. संघात सर्वांत मोठा आकडा त्याचाच. मग त्याला बसवायचं कशाला? थकल्याची लाल खूण लागली तरी तो मैदानावरच.

"सर, हे त्याला कधी बाहेरच काढत नाही."

"मग?"

"मी काढीन."

"कधी काढायचं ते कळेल तुला?"

श्रीरंगचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला. सरांनी ते पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

दुसऱ्या दिवशी माडीवर श्रीरंगने घोलपचं नाव घेतलं. कुणाला नवल वाटलं नाही. घोलप तर कुणीही घेतला असता. नवल वाटलं ते हंगाम सुरू झाल्यावर. घोलप थोडा खेळे आणि बाकावर येऊन बसे. दोन-तीन सामन्यांत एखादा तर त्याला पूर्ण विश्रांतीच. टिटवी हरू लागली.

"अहो चष्मेवाले," रेवणशेट ओरडले, "पहिल्या मानाचा गडी, आणि बाकावर? शोकेसमध्ये ठेवायला घेतलाय का त्याला?"

"फ्रेम भारी आहे, काच नंतर बसवणार असतील," दुसरा म्हणाला, आणि माडी हसली. जावई हसले नाहीत. त्यांनी फक्त सतरंजीवर थोडं पुढे सरकून घेतलं. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

आणि श्रीरंगची काळजी गेली होती असं कुणी समजू नये. ती होतीच. टिटवी हरली की आठवडाभर त्याला घास गोड लागत नसे. माउसवरचं बोट कितीदा शिवशिवलं असेल; घोलपला सोडावं मैदानात, एकदा जिंकून टाकावं. फरक एवढाच पडला होता, की आधी तो सगळ्याच भविष्यांना भीत होता, आणि आता त्याला फक्त समोरच्या सामन्याची भीती वाटत होती. तेवढी भीती माणसाला पेलते.

हंगाम सरत आला तसे बाकीच्या संघांचे मोठे खेळाडू थकले. कुणाचा घोटा गेला, कुणाची पाठ धरली. घोलप ताजा होता. टिटवीने एक सामना जिंकला, मग आणखी एक. हळूहळू टिटवी आणि तिच्या वरचा संघ बरोबरीला आले, आणि त्या संघाचे सगळे सामने संपले. शेवटचा रविवार उजाडला तेव्हा गणित साधं होतं. जिंकली तर टिटवी तळातून सुटणार, हरली तर जावयांच्या हाती जाणार. आणि समोर संघ होता रेशीम.

माडी भरली होती. सर कोपऱ्यात लोडाला टेकून बसले होते. पडद्यावर ठिपके पळत होते, खाली यंत्र एकेक ओळ लिहीत होतं. घोलप असा खेळला की रेवणशेटांनी स्वतःच्याच संघाविरुद्ध दोनदा "वा!" म्हटलं. टिटवी पुढे होती. थोडीच, पण पुढे. सामना संपायला जरासाच अवकाश होता, आणि घोलपच्या नावापुढे लाल खूण लागली.

श्रीरंगने माउसचा बाण घोलपच्या नावावर नेला. ठेवला तर जिंकलो, जवळजवळ नक्की. कुणी दोषही देणार नाही; अटीतटीच्या सामन्यात कोण बाहेर काढतं? त्याने सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे पाहत होते, त्याच्याकडे नाही.

"काढा हो त्याला!" एकाएकी रेवणशेट ओरडले. "लाल झालाय, दिसत नाही का? गुडघा जाईल त्याचा!"

"शेट, फायद्याचं बोलताय!" कुणीतरी टोमणा मारला. "तो बाहेर गेला की रेशीम जिंकेल, आणि संघ तुमच्या घरात."

"फायदा गेला खड्ड्यात!" रेवणशेटांचा चेहरा लाल झाला होता. "नाव मी ठेवलंय त्याचं!"

पण त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच श्रीरंगने घोलपला बाहेर काढलं होतं.

मग जे झालं ते बघवेना. टिटवीची आघाडी वितळू लागली. रेशीमने चेंडू टोपलीत टाकला, पुन्हा टाकला. एकाच गुणाची आघाडी राहिली. शेवटचा चेंडू रेशीमच्या हातात. ठिपका बोर्डाकडे निघाला, आणि खाली ओळ उमटली, नेम चुकला.

मग एकच गलका.

"नशीब!" कुणीतरी म्हणालं.

"हो, तेही होतं," सर म्हणाले.

रेवणशेटांनी कपाळाचा घाम पुसला आणि दाराकडे वळून म्हणाले, "जावईबापू, आणखी एक हंगाम सतरंजी." जावई आदबीने हसले, उठले आणि त्यांनी श्रीरंगचा हात हातात घेतला. "माझ्याच्याने नसता काढवला बाहेर," ते हळूच म्हणाले. त्यांच्या हसण्यात काही डाव नव्हताच, हे श्रीरंगला तेव्हा प्रथम दिसलं.

चहा आला. एकाला हुक्की आली. "अहो, पळवून बघू या ना आता! घोलपचं पुढे काय होतंय? गुडघा टिकतो की नाही?" सगळे लॅपटॉपभोवती सरसावले. कुणाचं तरी बोट त्या कळेवर गेलंही.

श्रीरंगने हळूच लॅपटॉप मिटला.

"नको," तो म्हणाला. "त्यात मी नसेन."

बाकीच्यांना ते नीटसं कळलं नाही. सरांनी मात्र थरथरत्या हाताने घुगऱ्यांची वाटी त्याच्याकडे सरकवली, आणि ती त्याच्यापर्यंत पोचेतो त्यातल्या निम्म्या सतरंजीवर सांडल्या. दोघांनी मिळून वेचल्या.

घरी मृणालने ताट मांडताना विचारलं, "आज कुणाचा गुडघा?"

"कुणाचाच नाही," श्रीरंग म्हणाला. मग ताटाशी न बसताच, "तुझी कंबर कशी आहे?"

ती कमरेवर हात ठेवून आमटीचं पातेलं आणायला वळली.

"तू बस," तो म्हणाला. "आज मी वाढतो."